उसने, उत्पन्न आणि फेड

पैशाच्या देवघेवीसाठी मराठीत किती शब्द आहेत, हे एकदा बसून मोजावे. कर्ज, ऋण, उधार, उसने, हातउसने, उचल, इसार, अनामत, ठेव, आहेर, ओवाळणी. या प्रत्येक शब्दाबरोबर तो पैसा परत जाण्याची एक निराळी रीत बांधलेली असते. हातउसन्याला व्याज नसते, कागद नसतो, आणि मुदतही ‘हाती आले की’ एवढीच असते. उचल पैशाने फिटत नाही, कामाने फिटते. ऊसतोडीला जाणारे मजूर मुकादमाकडून हंगामाआधी जे घेतात ते बोलायला कर्ज, आणि हिशेबाला आगाऊ मजुरी. इसार व्यवहार पुरा झाला की किमतीत जिरतो, मोडला की भांडणात. आहेराला तर आपण भेट म्हणतो, आणि वहीत नाव-रक्कम लिहून ठेवतो. ते कशासाठी, हे कोणी कोणाला सांगावे लागत नाही.

आयकराच्या कायद्याला एवढ्या शब्दांची गरज भासत नाही. हाती आलेली रक्कम परत देण्याचे बंधन असलेली आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते. बंधन असेल तर ते कर्ज. आणि कर्ज हे उत्पन्न नव्हे, कारण जेवढे घरात आले तेवढेच देणे डोक्यावर चढले, मिळकत काहीच झाली नाही. बंधन नसेल आणि माफीच्या कोणत्या खणात ती रक्कम बसत नसेल, तर ते उत्पन्न. विभागणी स्वच्छ आहे आणि तिच्यात वावगे काही नाही. पण तिगावसारख्या गावात जुन्या घरांमध्ये येणारा बराच पैसा यांपैकी कोणत्याच बाजूला नीट बसत नाही, असा आमचा अनुभव आहे. तो पैसा नवे कर्ज नसतो, नवी कमाईही नसते. ती कधीच्या काळी झालेल्या, कोठेही न लिहिलेल्या देण्याची फेड असते.

हे आम्ही पुस्तकात वाचून म्हणत नाही. २०२१ साली आमच्या काकाजींना एक विचारणा आली. काकाजी निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्तिवेतनामुळे दरवर्षी विवरण भरणारे. थोडे संत्रे, थोडी कोरडवाहू जमीन. त्यांच्या बचत खात्यात २०१९ साली ४ लाख ८० हजार रुपये एकरकमी जमा झाले होते. पाठवणारा त्यांचा पुतण्या, म्हणजे आमचा पुण्याचा चुलतभाऊ. ही रक्कम कशापोटी आली, एवढाच प्रश्न होता. विचारणा सभ्य भाषेत होती आणि तिला उत्तर देण्यास पुरेसा अवधी होता, हे आधीच सांगून टाकतो. कारण अशा लेखांत सरकारी कागदाला खलनायक करण्याची जी प्रथा आहे ती आम्हांस पाळावयाची नाही.

नागपूरच्या ज्या सनदी लेखापालांना आम्ही कागद दाखवले, त्यांनी दोन वाक्यांत विषय उलगडला. ‘भेट म्हणाल तर कर लागेल. कर्ज म्हणा, दोघांनी एकेक कागद सही करून द्या, प्रश्न मिटला.’

भेट म्हटल्यावर कर का लागावा, हे समजून घेताना आमची पहिली करमणूक झाली. १९५८ पासून १९९८ पर्यंत आपल्याकडे दानकर होता, आणि तो देणाऱ्याने भरावयाचा असे. तो गेला. २००४ पासून नियम उलटा झाला: मोबदल्यावाचून मिळालेली रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरावयाची. आरंभी मर्यादा २५ हजारांची होती, २००६ पासून ती ५० हजार झाली. वर्षाची बेरीज ५० हजारांवर गेली की वरचीच नव्हे, सगळी रक्कम करपात्र. नातेवाइकांकडून आलेले मात्र माफ. आता नातेवाईक कोण? कायद्याने यादीच दिली आहे. पती-पत्नी, आपली भावंडे, पती-पत्नीची भावंडे, आईवडिलांची भावंडे, सरळ रेषेतले पूर्वज आणि वंशज, आणि या साऱ्यांचे जोडीदार. यादी उदार आहे, पण ती घेणाऱ्याच्या बाजूने वाचावी लागते. पुतण्या पैसे घेत असेल तर काका हा त्याच्या ‘वडिलांचा भाऊ’, म्हणून माफी. काका घेत असेल तर पुतण्या हा त्याचा कोण? भावंड नाही, वंशज नाही, पूर्वज तर नाहीच. यादीत भावाचा मुलगा कोठेच नाही. म्हणजे काकाने पुतण्याला लाखो दिले तरी ती नात्यातली भेट, आणि पुतण्याने काकाला दिले तर परक्याकडून आलेले उत्पन्न. चुलत, मावस, आते, मामे भावंडे तर यादीच्या बाहेरच उभी आहेत. काका-पुतण्याच्या नात्याचा मराठी इतिहास फारसा सुखाचा नाही हे खरे. पण दिल्लीच्या मसुदाकारांनी तो वाचून यादी केली असेल असे वाटत नाही.

गंमत अशी की पुतण्याने तीच रक्कम आपल्या आईला दिली असती आणि तिने दिराला दिली असती, तर दोन्ही टप्पे यादीत बसले असते. मुलगा हा आईचा वंशज, आणि वहिनी ही भावाची पत्नी. लेखापालांनी हे हसत सांगितले, आणि ‘आता सांगून उपयोग नाही’ हेही सांगितले. पैसा आला होता तो सरळ आला होता.

उरला कर्जाचा मार्ग. आम्ही कागदाचा मसुदा करून काकाजींसमोर ठेवला. ‘मी अमुक याजकडून रुपये चार लाख ऐंशी हजार कर्जाऊ घेतले असून’ इथपर्यंत त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि कागद उलटा करून ठेवला. शाळेत आयुष्यभर प्रमाण मराठी बोललेला हा माणूस घरात चिडला की आपल्या मुलखाच्या बोलीत उतरतो. ‘म्या कोनाकडून कर्ज घेतलं नाही. माहेच पैसे मले परत आले. आता माह्याच सहीनं मले कर्जदार करता का तुमी?’

तेव्हा आम्हांस सगळी हकीकत पुरी कळली. तुकड्या-तुकड्यांनी ती घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण कोणी ती कधी एका दमात सांगितली नव्हती.

आमच्यासारखी घराणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काही भोसल्यांच्या अमदानीत आली, काही पुढे रेल्वे झाल्यावर. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. नागपूर पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. पण शिकायचे नागपूरला, सोयरीक नागपूर-वऱ्हाडात, दवाखाना नागपूरला; तिगावच्या स्टेशनावरून गाडी पूर्वी ज्या दिशेला धरायची त्याच दिशेला लोक धरीत राहिले. १९७३ साली धाकट्या काकांना नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. घरात पैसा नव्हता. काकाजी तेव्हा नुकतेच शिक्षक झालेले. वडिलोपार्जित वाटणीत आपल्या नावावर आलेली दोन एकर कोरडवाहू जमीन त्यांनी साडेपाच हजारांना विकली आणि भावाची फी, वसतिगृह, पुस्तके चालवली. कागद झाला तो फक्त जमीन घेणाऱ्याशी. भावाशी कसला कागद?

अशा न लिहिलेल्या देण्यांवर आपली कुटुंबे उभी राहिली. याउलट जे लिहिले जाई त्याच्याविषयी आपल्या लोकांचा अनुभव फार कडू आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते आणि रोखे बाहेर काढून जाळले. धान्यालुगड्यापेक्षा कागदावर त्यांचा राग होता, कारण कागदावर जितके कर्ज होते तितका पैसा कधी हाती आलेलाच नव्हता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन विचारण्याचा अधिकार दिला: याच्या हाती प्रत्यक्षात किती आले? आपल्या मध्यप्रांतातही १९३३ मध्ये कर्जाच्या तडजोडीचा आणि १९३४ मध्ये सावकारीचा कायदा आला, आणि सावकाराने हिशेब ठेवावा, ऋणकोला तो द्यावा, असे बंधन घातले गेले. त्या काळची तक्रार अशी की कागदावर कर्ज आहे, पैसा आलेला नाही. आमच्या काकाजींची नेमकी उलटी. पैसा आलेला आहे, आणि तो कशाचा हे सांगणारा कागद नाही.

कागद नसला की भार कोणावर, हेही ठरलेले आहे. मध्यप्रदेशातल्याच कालेखान महंमद हनीफ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितले की आलेल्या रकमेचा उगम दाखवण्याची जबाबदारी ती घेणाऱ्याची आहे. १९६१ च्या कायद्यातले अडुसष्टावे कलम याच तत्त्वाचे. वहीत जमा दिसणाऱ्या रकमेविषयी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: देणारा कोण, एवढे देण्याची त्याची ऐपत होती काय, आणि व्यवहार खरा आहे काय. समाधान झाले नाही तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते, आणि तिच्यावरचा दर नेहमीचा नव्हे. नोटबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, अशा खुलासा न झालेल्या रकमेवरचा दर ६० टक्के करण्यात आला आणि त्यावर अधिभार वेगळा. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. कलमांचे आकडे बदलले, तीन प्रश्न तेच राहिले.

आमच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची चिंता नव्हती. पुतण्याची नोकरी, त्याचे विवरण, बँकेतून बँकेत गेलेली रक्कम, सारे उघड होते. रक्कम बँकेतून आली हे फार बरे झाले. रोख आली असती तर आणखी एक अडचण होती. १९८४ पासून ठराविक मर्यादेवरचे कर्ज रोखीने घेण्यास मनाई आहे. प्रथम १० हजार, १९८९ पासून २० हजार. मोडल्यास जेवढे कर्ज तेवढाच दंड. शेतकऱ्याला यातून एक वाट ठेवलेली आहे: देणारा आणि घेणारा दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि दोघांपैकी कोणाचेही उत्पन्न करपात्र नसेल, तर ही मनाई लागत नाही. आपल्या भागात एक शेतकरी दुसऱ्याला मृगाच्या तोंडावर नोटा मोजून देतो, त्याला हे कलम हात लावीत नाही. पण घरात एखाद्याला करपात्र निवृत्तिवेतन आले की तो या सवलतीतून बाहेर पडतो, आणि त्याला ते ठाऊक नसते. आमच्या गावात असे निवृत्त शिक्षक-बागायतदार दर गल्लीत एक आहे.

संत्र्याच्या इसाराचेही असेच. झाडावरची फळे पाहून व्यापारी बगीचा ठरवतो, इसार देतो, मग आंबिया बहराची फळगळ होते आणि तो तोंड दाखवीत नाही. इसाराचे पैसे शेतकऱ्याकडे राहतात. ते परत द्यावयाचे कर्ज की मिळालेले उत्पन्न? शेतकऱ्यापुरता प्रश्न बहुधा उठत नाही, कारण शेतीचे उत्पन्न १८८६ च्या कायद्यापासून आयकराबाहेर आहे. पण तीच झाडावरची फळे विकत घेऊन पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा हा शेतीचे उत्पन्न ठरत नाही. शेत त्याचे नव्हे, मशागतही त्याची नव्हे. फळ एकच, आणि बांध ओलांडला की त्याची जात बदलते.

पैशाचीही जात अशी बदलते काय? कर्ज म्हणून आलेला पैसा सावकाराने सोडून दिला, तर तो त्या दिवशी उत्पन्न होतो काय? हा प्रश्न मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र कंपनीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९६४ मध्ये कंपनीने जीपच्या निर्मितीसाठी लागणारी साधने अमेरिकेच्या कैसर जीप कंपनीकडून घेण्याचा करार केला, आणि किमतीची रक्कम त्याच बाजूकडून सहा टक्के व्याजाने कर्जाऊ मिळाली. पुढे कैसर जीप दुसऱ्या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि तिने हे कर्ज सोडून दिले. ५७ लाख ७४ हजार ६४ रुपये. खाते म्हणाले, हा तुमचा लाभ. निकाल लागला २४ एप्रिल २०१८ रोजी, म्हणजे ज्या वर्षाच्या करावरून वाद होता त्यानंतर चार दशकांनी. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने सांगितले: त्या कलमात पैशाखेरीज अन्य रूपातला लाभ धरला आहे, आणि सोडून दिलेले कर्ज तर निव्वळ पैसा आहे, शिवाय कंपनीने त्या मुद्दलापोटी पूर्वी कधी वजावटही घेतलेली नव्हती. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, संसदेने त्या कलमाची शब्दरचनाच बदलली आणि धंद्यातला रोख लाभही त्यात आणला. म्हणजे निकाल राहिला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

धंदेवाइकांचा तो प्रश्न. शेतकऱ्याला कर्ज सुटले तर त्याला कर विचारीत नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी आपल्याच छिंदवाड्याचे कमलनाथ मुख्यमंत्री झाले आणि त्याच दिवशी दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाच्या माफीवर त्यांनी सही केली, तेव्हा माफी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही यावरून पारावर पुष्कळ वाद झाले. पण ती रक्कम उत्पन्न झाली असे कोणी म्हटले नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली अशी कथा आहे. त्या ऋणकोंपैकी एखादा वाणी-उदमी असता आणि आजचा कायदा तेव्हा असता, तर त्याच्या दारी एक पत्र नक्की आले असते.

असो. काकाजींची अडचण माफीची नव्हती, फेडीची होती. आणि ‘मोबदल्यावाचून’ या एका शब्दाशी ती येऊन थांबत होती. कायदा कर लावतो तो मोबदल्यावाचून आलेल्या रकमेवर. जुने देणे फेडले तर ती रक्कम मोबदल्यावाचून आली असे कसे म्हणता येईल? प्रश्न एवढाच की १९७३ चे हे देणे अजून जिवंत होते काय, आणि बापाचे देणे मुलावर येते काय.

मुदतीच्या कायद्याने पाहिले तर पैशाच्या देण्याचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो. पण मुदत संपली की देणे मरत नाही, फक्त न्यायालयाचा दरवाजा बंद होतो. बॉम्बे डाइंग आणि मुंबई सरकार यांच्यातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मांडले आहे. तिथे विषय होता कामगारांच्या न दिलेल्या पगाराचा. करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमात तर मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी वचनही ग्राह्य धरले आहे. म्हणजे फेडणारा स्वखुशीने फेडीत असेल तर ती फेडच, दान नव्हे.

आणि मुलाचे काय? आपल्या शास्त्राने पितृऋण मुलावर घातले. ब्रिटिश न्यायालयांनी ते ‘धर्म्य दायित्व’ म्हणून चालू ठेवले. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेने ते बंद केले. मुलींना सहदायाद केले ते याच सुधारणेने, त्यामुळे तिच्याविषयी लोक बोलतात ते तेवढेच. त्याच कलमात पुढे असेही आहे की केवळ धर्म्य दायित्वावरून मुला-नातवावर वसुली चालणार नाही, मात्र सुधारणेपूर्वी झालेल्या देण्यांना ही बंदी लागू नाही. १९७३ चे देणे त्या आधीचे. लेखापालांनी हे वाचून मान हलवली आणि म्हणाले, ‘मुद्दा आहे. पण देणे होते, हे दाखवणार कशाने?’

इथे काकूंनी ट्रंक उघडली. धाकट्या काकांची पत्रे त्यांनी ठेवली होती. प्रेमापोटी, पुराव्यासाठी नव्हे. त्यांत १९७८ चे एक आंतरदेशीय पत्र निघाले. पहिला पगार झाल्यावर लिहिलेले. आईच्या पायाची चौकशी, नागपूरच्या उन्हाची तक्रार, आणि शेवटी मोकळ्या राहिलेल्या पट्टीत दोन ओळी: दादांची दोन एकर माझ्यावर आहे, ती मी परत करीन, माझ्याने न झाल्यास मुले करतील. धाकटे काका २०१६ मध्ये गेले. हे वाक्य त्यांनी मुलालाही सांगून ठेवले असावे, कारण २०१९ मध्ये पुतण्याने गावात चौकशी करून तशा कोरडवाहू दोन एकरांचा भाव विचारला, आणि जो आकडा आला तो जसाच्या तसा पाठवला. काकाजींना कळवले ते पैसे गेल्यावर.

१९७३ च्या खरेदीखताची नक्कल मिळवली. पत्र, नक्कल, पुतण्याचे प्रतिज्ञापत्र आणि काकाजींनी स्वतः लिहिलेले दीड पानाचे उत्तर पाठवले. काकाजींच्या उत्तरात ‘कर्ज’ हा शब्द त्यांच्या बाजूने एकदाही नव्हता, याची त्यांनी खात्री करून घेतली.

उलट एक प्रश्न आला, आणि तो आम्हांस आजही फार योग्य वाटतो. जमीन विकून साडेपाच हजार आले होते. परत आलेले ४ लाख ८० हजार. मग वरची रक्कम व्याज नव्हे काय? व्याज असेल तर ते निःसंशय उत्पन्न. घरातले काही जण या प्रश्नावर रागावले. आम्हांस मात्र विचारणाऱ्याने आमच्यापेक्षा बारकाईने वाचले आहे असे वाटले. आमच्या जुन्या दामदुप्पटीच्या नियमाने तरी काय झाले असते? एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येऊ नये, असा तो नियम. साडेपाच हजारांचे फार तर अकरा हजार झाले असते. बाकीचे साडेचार लाखांवर कोणत्या नावाने घरात आले?

उत्तर त्या आंतरदेशीय पत्रातच होते. धाकट्या काकांनी ‘साडेपाच हजार परत करीन’ असे लिहिलेले नाही. ‘दोन एकर माझ्यावर आहे’ असे लिहिले आहे. देणे पैशात मोजलेले नव्हते, जमिनीत मोजलेले होते. पायली घेतली तर पायली परत द्यावी. मधल्या काळात ज्वारीचा भाव किती चढला हा हिशेब देणाराही मांडत नाही आणि घेणाराही नाही. दोन एकरांचे दोन एकरच आले. वाढला तो रुपयांचा आकडा. आम्ही तसे लिहिले. हा युक्तिवाद सगळीकडे टिकेल असा आमचा दावा नाही, आणि असे पत्र ज्यांच्या ट्रंकेत नाही त्यांनी आमच्या भरवशावर राहू नये. आमच्या बाबतीत तो मान्य झाला. काही महिन्यांनी रकमेत वाढ न करता प्रकरण बंद केल्याचे कळले.

या प्रकरणानंतर आम्ही घरातली आहेराची वही जरा निराळ्या नजरेने वाचली. लग्नात वधूवरांना मिळालेले माफ आहे. ते ‘त्या व्यक्तीच्या विवाहप्रसंगी’ मिळालेले असल्याने. वरपित्याच्या हाती पडलेले पाकीट त्या शब्दांत बसत नाही. मुंज, वास्तुशांत, साठीशांत यांना तर माफीच नाही. आणि आपल्या वहीत तर प्रत्येक पाकिटासमोर परतीची खूण आहे: ‘यांच्या नानीच्या लग्नात ५०१ दिले.’ हा आहेर म्हणजे भेट की फिरते हातउसने, यावर कोणी प्रबंध लिहिला तर आम्ही वही द्यायला तयार आहोत. रकमा लहान म्हणून कोणी विचारीत नाही, इतकेच.

वहीपेक्षा अवघड आहे ती तोंडी देणी. आमच्या गल्लीत पाच घरे अशी आहेत की ज्यांच्यातला एक भाऊ पुणे-नागपूर-भिलाईला शिकला तो दुसऱ्या भावाच्या शेतावर. त्या शेतांची खरेदीखते कचेरीत आहेत. ती कशासाठी विकली हे सांगणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही. विचारणे म्हणजे हिशेब मागणे, असे समजले जाते.

काकाजींकडे पुढे आणखी एक रक्कम आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सौंसरसह पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दिवाळीत पुतणी भोपाळहून आली. धाकट्या काकांची थोरली मुलगी. तिचे म्हणणे होते की पत्रात ‘मुले करतील’ असे आहे, ‘मुलगा करील’ असे नाही. तेव्हा भावाने एकट्याने फेडले ते तिला मान्य नाही. काकाजी म्हणाले, दोन एकर आली, आता माझे काही येणे नाही. ती म्हणाली, मग माझा अर्धा वाटा माझ्या भावाला द्या. भाऊ घेईना. दोन दिवस हा वाद ओट्यावर चालला आणि शेजाऱ्यांनी त्यात यथाशक्ती भाग घेतला.

शेवटी तिने दोन लाख चाळीस हजार काकाजींच्या खात्यात भरावेत, आणि काकाजींनी तेवढेच पुतण्याला परत पाठवावेत, असे ठरले. काकाकडून पुतण्याला गेलेली रक्कम यादीत बसते, तिची काळजी नव्हती. पुतणीकडून आलेली बसत नव्हती. काकाजींनी आम्हांस पांढुर्ण्याहून शंभराचा मुद्रांक आणायला पाठवले, आणि पैसे येण्याच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हस्ताक्षरात त्यावर लिहिले की कैलासवासी बंधूंकडील दोन एकरांच्या देण्यापैकी त्यांच्या कन्येचा वाटा भरून पावलो, आणि तिच्या भावाने तिच्यासाठी आधीच भरलेले त्यास परत केले. खाली तिघांच्या सह्या झाल्या. काकूंनी तो कागद आंतरदेशीय पत्राच्या घडीत घालून ट्रंकेत ठेवला, आणि त्याच्या दोन छायाप्रती मात्र काकाजींनी आमच्याकडे दिल्या.